मुल्लू

यादगिरी मामानं नान्नजहून येताना
तंबाखूच्या पिशवीतून आणलं त्याला.
आई डांबरी रस्त्यावर ट्रकखाली गेलेली,
हे तिच्या पोटाशी बसून, मापटंभर.
"साळिंदराचं पिल्लू. दोन दिवस ठेवा, मग बघू."
दोन दिवसांचे चार महिने झाले.

आईनं नाव ठेवलं मुल्लू.
आमच्या तेलुगूत मुल्लू म्हणजे काटा.
मराठीत काट्याला कामं फार:
बाभळीचा, घड्याळाचा,
आणि कारखान्यात तंबाखू मोजतात तो,
जो कायम शेठजीकडे झुकतो.

त्याच महिन्यात अक्काही आली, भिवंडीहून,
तीही एकाच पिशवीनिशी.
कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
जवळ गेलं की पाठ करायची,
भिंतीकडे तोंड, खांदे वर.
मुल्लूही तस्संच करायचं.
घरात दोन पाठी झाल्या.

शेजारची पोशव्वा दारातूनच म्हणाली,
"काटे फेकून मारतंय ते, पोरांचे डोळे जातील."
फेकत नाही.
उलट्या पावलानं येतं, अंगावर आदळतं,
आणि काटा तुमच्यात राहतो.
म्हणजे त्याचाही एक कमी होतो,
हे पोशव्वाच्या हिशेबात नव्हतं.

दिवसभर खाटेखाली झोपायचं,
रात्री खाटेचा पाय कुरतडायचं.
बिडीची पानं कापायचा आईचा फर्मा पळवला एकदा,
दात लागले पत्र्याला.
आई ओरडली, मग स्वतःच हसली:
"माझे गेले, याचे तरी जाऊ नयेत."

मामानं शिकवलं,
चादरीवरून फिरवतो तसा हात फिरवायचा,
विणीच्या बाजूनं, डोक्याकडून शेपटीकडे.
उलटा गेला की रक्त.
पण त्याआधी हात लावायचाच नाही.
फरशीवर पालथा ठेवायचा,
शेजारी चार शेंगा,
आणि आपलं काम करत राहायचं.

आई विड्या वळत राहायची.
पन्नास, शंभर, दीडशे.
कधीतरी ओलं नाक मनगटाला लागायचं.
ती बघायचीसुद्धा नाही.

अक्काच्या पाठीशीही तिनं
असंच ताट ठेवलं,
कडक भाकरी, चटणी, कांदा.
आणि वळत राहिली.
मी म्हटलं, तिला बोल ना काहीतरी.
आई म्हणाली, "जन्मताना मऊ असतात म्हणे याचे काटे.
वारा लागला की टणक होतात.
मी काय बोलू वाऱ्याला?"

एका रात्री लाईट गेली.
अंधारात माझा हात चुकून अक्काच्या दंडाला लागला,
दंडभर काटा उभा राहिला,
बोटांना कळण्याइतका.
मी हात काढला नाही.
हलवलाही नाही.
खाटेखाली मुल्लूची शेपटी खुळखुळत होती,
मग तीही थांबली.
"त्यांच्या घरी," अक्का म्हणाली,
आणि लाईट येईपर्यंत बोलत राहिली.

वनखात्याचा माणूस आला जानेवारीत,
गड्ड्याचे पाळणे उतरवत होते तेव्हा.
"हे पाळायचं नसतं, बाई. गुन्हा आहे."
"आम्ही कुठं पाळलंय?" आई म्हणाली,
"बसलं होतं फक्त."

माळावर सोडलं संध्याकाळी.
वळून बघेल असं मला वाटत होतं.
नाही बघितलं. पाठच दाखवली.
पण काटे खाली होते.

घर झाडताना तीन सापडले,
काळे-पांढरे, पट्ट्यापट्ट्यांचे.
पोशव्वा म्हणाली, "जपून ठेवा गं,
पोटुशीचा भांग साळूच्या काट्यानं पाडतात..."
आणि जीभ चावून गप्प झाली.

अक्कानं एक उचलला.
आरशासमोर बसली,
स्वतःच भांग पाडला, वाकडा,
मोडला, परत पाडला.
मग आरशातूनच मला विचारलं,
"शेंगाची चटणी उरलीय का गं थोडी?"